दहावा गोल

मध्यंतरालाच सहा गोल झाले होते. १५ जून २०२५, रविवार. अमेरिकेतल्या सिनसिनाटीत भर दुपार होती आणि आमच्याकडे नाशिकला रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. क्लब विश्वचषकात जर्मनीचा बायर्न म्युनिक आणि न्यूझीलंडचा ऑकलंड सिटी समोरासमोर होते. उत्तरार्धात बराच वेळ गोल झाला नाही. मग बदली खेळाडू म्हणून आलेल्या जमाल मुसियालाने सतरा मिनिटांच्या अंतरात तीन गोल केले. नऊ-शून्य. ८९व्या मिनिटाला थॉमस म्युलरने दहावा गोल मारला आणि आमच्या खोलीत एकच आरोळी उठली.

त्या नवव्या आणि दहाव्या गोलच्या मधली पाच मिनिटं माझ्या मनातून जात नाहीत. सामना केव्हाच संपला होता. पाहण्यासारखं, शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी बायर्नचा जुना पाठीराखाही नाही. तरी ती पाच मिनिटं मी खुर्चीच्या टोकावर बसून होतो आणि मला एकच गोष्ट हवी होती: दहा व्हायला हवेत. नऊ मला का पुरत नव्हते? कुणी विचारलं असतं तर त्या क्षणी मला उत्तर देता आलं नसतं. आज ते शोधायचं आहे, कारण ही भूक त्या एका रात्रीपुरती नव्हती, हे मला ठाऊक आहे.

समोर कोण खेळत होतं, हे मला माहीत नव्हतं असंही नाही. सामन्याआधी ते वाचलं होतं आणि समालोचकही सांगत होते. ऑकलंडचे बहुतेक खेळाडू नोकरी सांभाळून फुटबॉल खेळणारे. या स्पर्धेसाठी कामावरून रजा काढून आलेले. गोलरक्षक कॉनर ट्रेसी औषधांच्या गोदामात काम करणारा. कुणी शिक्षक, कुणी विक्रेता. दिवसभर राबायचं आणि संध्याकाळी सरावाला जायचं. आपल्याकडे एमआयडीसीतली पाळी संपवून मैदानावर येणारी जी पोरं असतात, त्यांच्याच जातकुळीची ही माणसं. एरवी अशा माणसांच्या गोष्टी मी आवर्जून वाचतो, इतरांना सांगतो. पण तिसऱ्या गोलनंतर मला ती दिसेनाशी झाली. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा तेवढा दिसत राहिला.

पडद्यावर माणूस लहान दिसतो, लांब असतो, असं म्हणून सुटका करून घेता आली असती. पण हेच मी दहा पावलांवरून पाहिलं आहे.

सुब्रतो चषकाच्या जिल्हा पातळीच्या फेऱ्या पावसाळ्यात होतात. ही शालेय मुलांची देशातली मोठी स्पर्धा. जिल्हा, विभाग, राज्य असं जिंकत गेलं की राष्ट्रीय फेरी. माझा भाचा शहरातल्या एका शाळेकडून खेळतो. त्याचा सामना पाहायला गेलो होतो. समोरचा संघ घाटापलीकडच्या तालुक्यातून आलेला. बाद पद्धतीची स्पर्धा, त्यामुळे एक सामना हरला की खेळ खलास. त्या एका सामन्यासाठी ही पोरं अंधारात उठून गाडीत बसली होती. भाच्याच्या संघाला शाळेचं सपाट मैदान, आठवड्यातून चार दिवस प्रशिक्षक, पायात स्टड असलेले बूट. समोरच्यांपैकी निम्म्यांच्या पायात साधे कॅनव्हासचे बूट, तेही चिखलात घसरणारे. त्यांचे क्रीडाशिक्षक छत्री धरून रेषेवर उभे होते आणि प्रत्येक मुलाला नावाने हाक मारून सांगत होते, "मागे ये, मागे ये."

गोलच्या मागे जाळी फाटलेली होती. चेंडू आत गेला की सरळ मागच्या चरात जाऊन पडायचा आणि दर वेळी त्यांचा गोलरक्षक तो आणायला जायचा. पहिल्या दोन-तीन वेळा तो पळत गेला आणि पळत आला. पुढे चालत जाऊ लागला. सातव्या-आठव्या गोलनंतर तो चरापाशी थोडा वेळ उभाच राहिला. चेंडू शर्टाला पुसला, पुन्हा पुसला, मग वळला. त्याच वेळी आमच्या बाजूने पालक मोठ्याने मोजत होते. आठ! नऊ! "अजून एक, अजून एक!" त्या आवाजात माझाही आवाज होता.

परतताना भाचा गाडीवर मागे बसला होता. म्हणाला, "मामा, अजून दोन तरी झाले असते ना?" मी म्हणालो, "झाले असते." त्याने त्या मुलांबद्दल काही विचारलं नाही आणि मीही काही बोललो नाही. चौदा वर्षांच्या पोराने सामन्यातून काय घरी न्यायचं, हे त्या दिवशी आम्ही मोठ्यांनीच ठरवून दिलं होतं. तो आकडा घेऊन गेला.

स्वतःशी वाद घालताना माझ्याकडे दोन बचाव तयार असतात. त्यांना प्रामाणिकपणे तपासायला हवं, कारण दोन्हींत थोडं तथ्य आहे.

पहिला बचाव गोलफरकाचा. गटसाखळीत गुण सारखे झाले की गोलफरकही मोजला जाऊ शकतो, तेव्हा जास्तीत जास्त गोल करणं संघाचं कामच आहे. बायर्नला हे लागू पडतं. पण मला पडत नाही. मी काही गुणतक्ता डोळ्यांपुढे ठेवून आरोळी ठोकली नव्हती. आणि त्या पावसातल्या बाद फेरीत एक-शून्य काय आणि अकरा-शून्य काय, कागदावर अर्थ एकच होता.

दुसरा बचाव जास्त वजनाचा आहे. बलवान संघाने मुद्दाम हात आखडता घेतला तर तो दुबळ्याचा अधिक मोठा अपमान, पूर्ण ताकदीने खेळणं हाच आदर. हे मला पटतं. २०१९च्या महिला विश्वचषकात अमेरिकेने थायलंडला १३-० असं हरवलं, तेव्हा जगभर हीच चर्चा झाली होती. तेरा गोलांबद्दल फारशी कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती नवव्या-दहाव्या गोलनंतरही चाललेल्या जल्लोषाची. त्याच सामन्यानंतर अमेरिकेची कार्ली लॉइड थायलंडच्या रडणाऱ्या गोलरक्षकाजवळ जाऊन तिला धीर देत होती, हेही लोकांनी पाहिलं. पुढच्या सामन्यात थायलंड स्वीडनकडून ५-१ असा हरला. पण तो एक गोल झाला तेव्हा थायलंड संघाच्या व्यवस्थापक नुआलफान लामसाम यांना रडू आवरलं नाही. चार गोल खाऊन, शेवटच्या मिनिटांत झालेल्या एका गोलचं एवढं मोल. तेरा गोल मोजणाऱ्या माझ्यासारख्याला ते कळण्याची शक्यताच नव्हती.

तेव्हा खेळाडूने पूर्ण खेळावं, यात शंका नाही. पण हा बचाव खेळाडूचा आहे. मी खेळत नव्हतो. माझ्या पायात चेंडू नव्हता, माझ्यावर प्रशिक्षकाची नजर नव्हती. काय हवंसं वाटून घ्यायचं, एवढंच माझ्या हातात होतं. आणि मला दुसऱ्याची आणखी एकदा झालेली फजिती हवी होती. हे लिहायला जड जातं, पण दुसऱ्या कुठल्या शब्दांत ते खरं होत नाही.

आपल्या महाराष्ट्रात या भुकेची एक जुनी आणि फार लाडकी गोष्ट आहे. ती फुटबॉलची नाही, क्रिकेटची आहे, पण तीही चषकाच्या बाद सामन्याचीच. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी करंडक, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राने ४ बाद ८२६ केल्या. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३, त्यात ४९ चौकार. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२च्या जागतिक विक्रमाला मागे टाकायला आणखी दहा धावा हव्या होत्या. विश्रांतीच्या वेळी काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सामना सोडून दिला. संघ पुन्हा मैदानात उतरलाच नाही. निंबाळकर ४४३वरच राहिले. त्यांना कधी कसोटी खेळायला मिळाली नाही. २०१२ मध्ये कोल्हापुरात ते गेले, तेव्हाही प्रत्येक मृत्युलेखात त्या न झालेल्या धावांची हळहळ होती.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकली आणि पुढे कित्येकांना ऐकवली. ती आपण नेहमी एकाच बाजूने सांगतो. आपल्या माणसाचा विक्रम रडक्या कर्णधाराने हिरावला. निंबाळकरांवर अन्याय झाला, हे मी आजही मानतो. त्यांची ती खेळी थोरच होती आणि सामना असा अर्ध्यावर टाकून जाणं खेळाला शोभणारं नव्हतं. पण सहाशेला बारा कमी एवढी आघाडी झाल्यावर त्या मैदानात खेळायचं काय शिल्लक होतं? एक आकडा. ब्रॅडमनचा आकडा गाठायचा, त्यासाठी अकरा माणसांनी अजून उन्हात धावायचं. दोन दिवस ज्यांनी चेंडू टाकले, ते अडवले, सीमारेषेवरून पुन्हा पुन्हा परत आणले, त्या काठियावाडच्या गोलंदाजांपैकी एकाचंही नाव मला सांगता येत नाही. एवढ्या वर्षांत ते जाणून घ्यावंसं वाटलंही नाही. चरातून चेंडू आणणारा तो मुलगा आणि हे गोलंदाज माझ्या मनात आता शेजारी शेजारी उभे राहतात.

त्याच मोसमाचा दुसरा भाग आपण क्वचितच सांगतो. तीन महिन्यांनी, मार्च १९४९ मध्ये, पुण्यातच महाराष्ट्राची गाठ बलाढ्य मुंबईशी पडली. मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४ केल्या. पहिल्या डावात ४०७ करणाऱ्या महाराष्ट्रापुढे जिंकायला ९५९ धावांचं अशक्य लक्ष्य होतं. आता उन्हात धावायची पाळी आपली होती. महाराष्ट्राने मैदान सोडलं नाही. ६०४ धावा केल्या आणि ३५४ धावांनी हरले. दोन्ही संघांच्या मिळून २,३७६ धावा झाल्या. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात एवढ्या धावा अजून दुसऱ्या कुणी केलेल्या नाहीत. मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी माझ्या मते हीच खेळी, ती हरलेली ६०४ची. पण ती लोककथा झाली नाही. लोककथा झाली ती चिरडलेल्या संघावर न मिळालेल्या दहा धावांची. आपण काय जपून ठेवतो, त्यावरून आपली पारख होते आणि माझी पारख या बाबतीत मला आवडलेली नाही.

काठियावाडचा तो संघ पुढे सौराष्ट्र झाला. सौराष्ट्राने २०२० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये रणजी करंडक जिंकला. डिसेंबर २०२२ मध्ये विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी महाराष्ट्रालाच हरवलं. ऋतुराज गायकवाडचं शतकही त्या दिवशी पुरलं नाही.

आणि मार खाणाऱ्याच्या बाजूला मी कधी नव्हतो असंही नाही. नाशिकला इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) फुटबॉल संघ नाही, म्हणून आमच्यापैकी अनेकांचा जीव मुंबई सिटीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये रियाधला अल-हिलालने मुंबई सिटीवर सहा गोल चढवले. त्यांतले तीन एकट्या मित्रोविचचे. चौथा गोल झाल्यावर मला काय हवं होतं? पंचांनी शिट्टी वाजवावी. आकडा इथेच थांबावा. गोलरक्षक फुर्बा लाचेन्पाने जे चेंडू अडवले, त्यांबद्दल मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगत होतो. पुढे १ ऑगस्ट २०२४ला ड्युरँड चषकात केरला ब्लास्टर्सने मुंबई सिटीला आठ-शून्य हरवलं, नोआ सदाउई आणि क्वामे पेप्रा या दोघांचीही हॅट्‌ट्रिक. तेव्हा आम्ही एकमेकांना समजावत होतो, "आपला मुख्य संघ नव्हताच, पोरं होती ती." ते खरंही होतं. मुंबईने राखीव आणि तरुण खेळाडू पाठवले होते. पण "पोरं होती ती" ही सूट मी माझ्या संघाला लगेच दिली. घाटापलीकडून आलेली ती मुलं तर खरोखरच पोरं होती. त्यांना दिली नाही.

त्या आठ गोलांच्या सामन्याचं एक मात्र मनात राहिलं आहे. दोनच दिवसांपूर्वी वायनाडमध्ये दरड कोसळून शेकडो माणसं गेली होती. केरळच्या खेळाडूंनी दंडाला काळ्या फिती बांधल्या होत्या आणि विजय वायनाडला अर्पण केला. त्यांचा सदाउई गोल करून आभाळाकडे बोट दाखवत होता. एवढे गोल मारूनही त्या संघाने समोरच्या पोरांना खिजवल्याचं मला दिसलं नाही. डोळ्यांपुढे गोलपेक्षा मोठं काही असेल, तर एकतर्फी विजयातही माणूस ताळ्यावर राहतो, हे मी तिथे पाहिलं.

खो-खोचा विश्वचषक आठवतो. जानेवारी २०२५, दिल्ली. भारताच्या मुलींनी दक्षिण कोरियाला १७५-१८ असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. तो आकडा वाचून माझी छाती फुगली होती, आणि मुलींच्या चपळाईचं कौतुक आजही तसंच आहे. पण कोरियाच्या त्या मुली आपला खेळ नव्याने शिकून, आपल्या घरी येऊन खेळत होत्या. खो-खो ऑलिम्पिकला जावा अशी आपली इच्छा असेल, तर त्या अठरा गुणांची बातमी आपण मोठी करायला हवी होती. हसं झालं तर पुन्हा शिकायला कोण येईल?

एकतर्फी निकालाने एक समज मनात घट्ट बसतो, तो मला सर्वांत घातक वाटतो: जिंकलेला श्रेष्ठ, हरलेल्यात मुळात काही नाही. नाशिक जिल्ह्यात तरी कुणी असं मानू नये. जिल्ह्याच्याच डोंगराळ भागातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक घेऊन आली आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. धावायला लागतात पाय, छाती आणि रस्ता. तिथे या पाड्यांवरची पोरं शहराला मागे टाकतात. फुटबॉलला सपाट मैदान लागतं, बूट लागतात, रोजचा प्रशिक्षक लागतो, वर्षभर तोलामोलाचे सामने लागतात. ते ज्याला मिळतं तो अकरा गोल मारतो. त्या दिवशी आम्ही जे मोजत होतो, त्यातला मोठा हिस्सा आमच्या मुलांच्या कौशल्याचा नव्हता. तो दोन शाळांमधल्या सोयींचा फरक होता आणि आम्ही त्याला टाळ्या वाजवत होतो.

दहा गोल खाल्ल्यावर ऑकलंडने बेन्फिकाकडून सहा खाल्ले. मग तिसरा सामना बोका ज्युनिअर्सशी, ज्या क्लबकडून मॅराडोना खेळला. पहिला गोल ऑकलंडवरच झाला, चेंडू त्यांच्याच गोलरक्षकाला लागून आत गेला. पण ५२व्या मिनिटाला कॉर्नरवरून ख्रिश्चन ग्रेने डोक्याने गोल केला. हा मुलगा तेव्हा शिक्षक होण्याचं शिक्षण घेत होता. सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. ज्या दोन सामन्यांत सोळा गोल खाल्ले, त्यांच्यानंतरचा हा सामना. आपल्याकडे तो मध्यरात्रीनंतर होता. मी तो पाहिला नाही. सकाळी निकाल वाचला. दहा गोलांचा सामना मी शेवटच्या शिट्टीपर्यंत पाहिला आणि जो पाहायला हवा होता त्या वेळी झोपलो होतो. बायर्नचा सामना म्हणून तो पाहिला, ऑकलंडचा सामना म्हणून हा पाहावा असं माझ्या मनातही आलं नाही. सदसद्‌विवेक म्हणतात तो 'का नाही आलं?' यापेक्षा वेगळं काय विचारणार?

भाच्याशी मी यावर बोललो. त्याला गोल मारू नकोस असं सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. एवढंच विचारलं, त्यांच्यातलं कोण चांगलं खेळत होतं? तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "तो डावखुरा होता ना, सात नंबरचा. त्याने मला दोनदा चकवलं होतं." म्हणजे त्याने पाहिलं होतं. विचारणारं कुणी नव्हतं.

यंदाच्या पावसाळ्यात जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा सुरू होतील. नाशिकमधल्या पालकांना आणि शहरातल्या शाळांच्या क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे. लांबून आलेला संघ पहिल्याच फेरीत बाद झाला, तर त्याला लगेच गाडीत बसू देऊ नका. मैदान मोकळं असेल तर दोन्ही संघांची मुलं मिसळून, नव्याने गडी वाटून, अर्धा तास खेळवा. पहाटे निघालेल्या मुलांना फुटबॉल खेळायला मिळू द्या. वर्षातून एक-दोनदा त्यांना आपल्या मैदानावर मैत्रीच्या सामन्याला बोलवा आणि एकदा आपली मुलं घेऊन त्यांच्या उतारावरच्या मैदानात जा. आणि रेषेवर उभे असाल, तर पाचव्या गोलनंतर मोजणं थांबवा. समोरचा गोलरक्षक चेंडू आणायला निघाला, तर तुमच्यापैकी जो गोलमागे उभा असेल त्याने तो आणून त्याच्या हातात द्यावा.